थांबलेल्या साच्यांची छायाचित्रे

इंदूरच्या मराठीत 'गिरणी' म्हटली की ती पिठाची. कापडाची असते ती 'मिल'. मुंबई-सोलापूरकडचे पाहुणे आमच्याकडे उतरले आणि बोलता बोलता 'गिरणी कामगार' म्हणाले, की लहानपणी आमच्या डोळ्यांपुढे पिठाने पांढरा झालेला, घिरटात गहू ओतणारा एक गृहस्थ उभा राही. पुढे कळते झाल्यावर ध्यानात आले, की कापडाच्या मिलमधून पाळी संपवून बाहेर पडणारा माणूसही तसाच पांढरा असे. त्याच्या अंगावर पीठ नसून कापसाची पिंजण असे आणि ती भुवयांवर, पापण्यांवर, कानांच्या पाळ्यांवर बसलेली असे. भोंगा झाला की परदेशीपुरा, पाटणीपुरा या वस्त्यांकडे अशा पांढऱ्या माणसांच्या सायकलींचा लोंढा निघे. ज्या वयात मी हे दृश्य पाहिले, त्या वयात ते कधी थांबेल असे कोणी सांगितले असते तर मला खरे वाटले नसते.

हे सारे आठवण्याचे निमित्त म्हणजे गेल्या हिवाळ्यात येथील एका कलादालनात भरलेले छायाचित्रांचे प्रदर्शन. विषय होता शहरातल्या बंद पडलेल्या मिल. चाळीसेक चित्रे होती, सारी कृष्णधवल, दोन-दोन हात रुंद. गंजलेल्या खांबांची रांग, फुटलेल्या तावदानातून आत आलेली पिंपळाची फांदी, हजेरीची कार्डे ठेवण्याची रिकामी फळी, एका भिंतीवर अर्धवट पुसलेला 'धूम्रपान मना है' असा इशारा. छायाचित्रकार तिशीतला तरुण होता. त्याची नजर चांगली आणि मेहनत त्याहून चांगली होती. एकेका चित्रासाठी तो पहाटेच्या उजेडाची वाट पाहत महिनोन् महिने हेलपाटे घालत होता, असे कळले. प्रेक्षक हळू आवाजात बोलत होते. अभिप्रायाच्या वहीत एका बाईंनी लिहिले होते, 'किती सुंदर!' त्याखाली दुसऱ्या कुणी लिहिले होते, 'यालाच खरा वारसा म्हणतात.'

चित्रे सुंदर होती यात मला शंका नाही. तरी त्या दालनात उभा असताना मला काहीतरी खटकत होते आणि ते काय, हे ध्यानात यायला घरी पोचेपर्यंतचा वेळ लागला.

मिलच्या छपराचेच उदाहरण घेतो, कारण प्रदर्शनातले सर्वांत नावाजलेले चित्र त्याचेच होते. करवतीच्या दात्यांसारखे एकामागून एक उभे राहिलेले त्रिकोण आणि त्यांच्या एकाच अंगाला काच. चित्रात ती एक देखणी भूमिती झाली होती. पण ते छप्पर तसे का, हे चित्र सांगत नव्हते. काचेची बाजू नेहमी उत्तरेकडे ठेवीत. उत्तरेचा उजेड सपाट आणि स्थिर असतो. त्यात थेट ऊन नसते, म्हणून विणकराच्या डोळ्यांवर तिरीप येत नाही आणि तुटलेला धागा चटकन दिसतो. तुटलेला धागा चटकन दिसलाच पाहिजे, कारण तो वेळीच सांधला नाही तर कापडात दोष पडतो आणि दोषाच्या कापडाचे पैसे कापले जातात. त्या करवतीच्या एकेका दात्यामागे असा एकेक हिशेब होता. सूत कोरडे पडले की तुटते, म्हणून साचेखात्याची हवा दमट ठेवावी लागे. खिडक्या बंद आणि वरून पाण्याचे बारीक तुषार, अशी व्यवस्था असे. मे महिन्यातल्या माळव्याच्या दुपारी त्या दमट खोलीत शेकडो साचे एकदम चालत. शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नसे, म्हणून साचेवाले ओठांच्या हालचालींवरून आणि हातांच्या खुणांवरून बोलत. ही सवय घरीही जात नसे. आमच्या ओळखीच्या एका साचेवाल्यांच्या घरी जेवताना त्यांना मीठ हवे असले तर ते चिमटीची खूण करीत, आणि त्यांची बायको, जी आयुष्यात कधी मिलच्या फाटकाच्या आत गेली नव्हती, तीही खुणेनेच 'संपले' म्हणे.

आता हा आवाज, हा दमटपणा, ही चिमटी छायाचित्रात कशी यावी? येणार नाही, हे मलाही कळते. माझे म्हणणे एवढेच, की साचे चालू होते तेव्हा त्या छपराखाली कॅमेरा घेऊन फारसे कोणी गेले नाही. साचे थांबले, भिंतींना पिंपळ फुटले, आणि मग सगळे गेले.

त्या तरुणाला मी हे बोलून दाखवले. शिष्टाचाराने ऐकून घेऊन तो म्हणाला, "काका, तुमचं खरं आहे. पण कामगार मी कुठून आणू? मी शाळेतही जात नव्हतो तेव्हा मिल बंद झाली. मला भिंतीच मिळाल्या."

या उत्तराला माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्याचे बरोबर होते. प्रश्न मग त्याच्यावरून सरकून आमच्या पिढीवर येतो, आणि आमच्या आधीच्याही.

वास्तविक छायाचित्रकलेच्या बाबतीत इंदूर मागासलेले कधीच नव्हते. राजा दीनदयाळ यांचे नाव हैदराबादच्या वाचकांना निजामाचे छायाचित्रकार म्हणून परिचित असेल; पण रुडकीहून शिकून बाहेर पडल्यावर १८६६ साली ते नोकरीला लागले ते इंदूरला, बांधकाम खात्याच्या कचेरीत. अंदाजपत्रके करायची आणि नकाशे काढायचे हे त्यांचे काम. म्हणजे ते आम्हा सरकारी नोकरांचेच पूर्वज. कॅमेरा त्यांनी हाती घेतला १८७४ च्या सुमारास, तुकोजीराव होळकर दुसरे यांनी उत्तेजन दिले, आणि पुढे सिकंदराबाद व मुंबई येथेही त्यांचे स्टुडिओ निघाले. त्यांचे नाव गाजले ते राजेरजवाडे, वास्तू, दरबार आणि शिकारी यांच्या चित्रांसाठी. कॅमेरा कुणाकडे वळवायचा याचा तो त्या काळचा दंडकच होता.

गंमत अशी की ज्या तुकोजीरावांनी दीनदयाळांना उत्तेजन दिले, त्यांनीच इंदूरची पहिली कापडाची मिल काढली. एकोणिसाव्या शतकातल्या साठच्या दशकात स्टेट मिलची उभारणी सुरू झाली, तेव्हा इंदूरला रेल्वे नव्हती. यंत्रे खांडव्यापर्यंत आगगाडीने आणि तिथून हत्ती व बैलगाड्यांनी घाट चढून आली, असे येथले जुने लोक सांगत. पुढे महाराजांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये १०१ वर्षांच्या मुदतीने, साडेचार टक्के व्याजाने कर्जाऊ देऊन खांडवा-इंदूर मार्ग घडवून आणला. संस्थानिकाने इंग्रजाला कर्ज द्यावे आणि वर व्याज घ्यावे, या गोष्टीचा इंदूरच्या जुन्या मराठी घरांना अजून अभिमान वाटतो, आणि तो मला गैर वाटत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीसेक वर्षांत मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार, नंदलाल भंडारी अशा मिल एकामागून एक उभ्या राहिल्या आणि हे शहर दरबारी होते ते गिरणगाव झाले. उत्तर प्रदेश, राजस्थान, खानदेश, निमाड येथून माणसे आली. नंदानगरसारखी वसाहत कामगारांसाठी उभी राहिली आणि तिला गुलझारीलाल नंदा यांचे नाव मिळाले. होमी दाजींसारखा कामगारांचा पुढारी १९६२ साली येथून लोकसभेवर गेला. आम्ही रामबाग-नारायणबागेतली मराठी मंडळी मात्र बव्हंशी कचेऱ्या, शाळा आणि न्यायालये यांतच गुंतलेली राहिलो. मिल शहराच्या पूर्वेला; वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो. त्यामुळे धूरदेखील आमच्या अंगावर फारसा आला नाही.

आमच्या घरातले एक माणूस मात्र मिलमध्ये होते. माझे धाकटे काका. मिलचे नाव घेण्याचे कारण नाही. ते डिझाइन खात्यात होते. हे खाते म्हणजे साचेखात्याच्या एका कोपऱ्यात लाकडी पार्टिशन घालून केलेली खोली. काकांनी देवळालीकरांच्या चित्रशाळेत संध्याकाळचे वर्ग केले होते. दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी १९२७ साली सुरू केलेल्या त्या शाळेने देशाला काय दिले हे येथल्या वाचकांस सांगायला नको. ना. श्री. बेंद्रे याच शाळेचे, ज्यांनी पुढे बडोद्याला चित्रकलेची एक पिढी घडवली. मकबूल फिदा हुसेनही येथलेच. त्यांचे वडील इंदूरच्या कापडाच्या मिलमध्ये नोकरीस होते. विष्णू चिंचाळकर, म्हणजे सर्वांचे गुरुजी, फेकून दिलेल्या खापरातून आणि वाळक्या मुळांतून चेहरे शोधीत. या मोठ्या नावांच्या मागे जे शेकडो विद्यार्थी त्या वर्गांतून बाहेर पडले आणि कधी चित्रकार म्हणवले गेले नाहीत, त्यांतले एक आमचे काका.

काकांचे काम बारीक चौकटींच्या कागदावर चाले. कागदाची एक चौकट म्हणजे ताण्याचा एक धागा आणि बाण्याचा एक धागा जिथे एकमेकांना छेदतात ती जागा. चौकट भरली तर ताणा वर, रिकामी ठेवली तर बाणा वर. धोतराची किनार, टॉवेलाची पट्टी, शर्टाच्या कापडातली बारीक वेल, सारे काही याच भरलेल्या आणि रिकाम्या चौकटींत बसवायचे. मग त्या कागदाबरहुकूम लाकडी पट्ट्यांच्या भोकांत खुंट्या ठोकायच्या. अशा पट्ट्यांची माळ साच्याच्या माथ्यावरच्या डॉबीवर चढवली, की जिथे खुंटी तिथे धागा उचलला जाई. संगणक म्हणजे काय हे काही दशकांनी मुलाकडून ऐकले तेव्हा काका हसून म्हणाले होते, "अरे, म्हणजे खुंटी आहे की नाही, एवढंच ना?"

काकांनी काढलेल्या किनारीचे धोतर निमाडातल्या कुणा शेतकऱ्याने नेसून फाडले असेल, आणि त्याखाली कुणाची सही नव्हती. प्रदर्शन भरवायचे म्हटले तर त्यांच्या नावावर आज एक वीतभर कापड मिळणार नाही. कारखान्याच्या कलेची ही तऱ्हा मला नेहमी चक्रावून टाकते. तिचे यश म्हणजे ती वापरली जाऊन संपणे.

परंतु वर्षातून एकदा याच माणसांची कला रस्त्यावर येई आणि शहर रात्रभर जागून ती पाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलच्या झांक्या निघत. अजून निघतात. हुकुमचंद मिलने १९२४ च्या सुमारास ही प्रथा सुरू केली असे मानतात. मग इतर मिल त्यात उतरल्या आणि चुरस सुरू झाली. लोकमान्यांनी सार्वजनिक केलेला गणपती मराठी माणसांनी येथे आणला खरा. आमच्या वाड्यांतून व्याख्याने, कीर्तने, नाट्यगीतांच्या बैठकी होत. पण त्याला दिव्यांचा, चाकांचा आणि लाखो माणसांचा उत्सव केला तो मिलच्या कामगारांनी, ज्यांतले बहुतेक मराठी नव्हते. आमच्यातले काही वडीलधारे झांक्यांना जरा नाक मुरडीत. फार झगमगाट, फार गोंगाट, असे त्यांचे म्हणणे. रात्री अकरा वाजता मात्र तेच खजुरी बाजारात ओळखीच्या दुकानाच्या ओट्यावर जागा धरून बसलेले दिसत.

१९६८ साली, मी नऊ-दहा वर्षांचा असताना, काका मला झांकी बनवण्याची जागा पाहायला घेऊन गेले. मिलच्या मागच्या अंगाला पत्र्याची लांबलचक शेड होती. कालियामर्दनाचा देखावा चालला होता. कालियाच्या फण्या बांबूच्या कामट्यांच्या, त्यावर मिलमधलेच जाळीदार कापड, त्यावर खळ आणि रंग. यमुनेच्या लाटांचा फेस पिंजणखात्यातून आणलेल्या कापसाचा. आणि फण्या हलत होत्या. त्या कशा हलतात ते पाहायला मी वाकून खाली डोकावलो. खाली एक जुनी मोटर, पट्टा, आणि एका दांड्यावर बसवलेली लंबगोल चाके. चाक फिरले की त्याचा फुगीर भाग वरच्या दांडीला उचले आणि फणा वर येई. साच्यातही ताण्याचे धागे उचलायला अशीच चाके असतात, टॅपेट म्हणतात त्यांना. साचेखात्याच्या फिटरने मोडीतली चार टॅपेट आणून कालियाला बसवली होती. दिव्यांची उघडझाप करणारे यंत्रही तसेच. लाकडी रूळ, त्यावर तांब्याच्या पट्ट्या, रूळ फिरला की ज्या दिव्याची पट्टी टेके तो पेटे. काकांची खुंट्यांची माळ आणि हा रूळ ही भावंडे होती, हे मला त्या वयातही दिसले, किंवा काकांनी दाखवले म्हणून दिसले.

जी माणसे अकरा महिने दुसऱ्याच्या मालकीचे कापड विणीत, ती बाराव्या महिन्यात तीच चाके, तोच कापूस, तेच कापड घेऊन स्वतःला आवडेल ते करीत. पाळी संपवून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत राबत, आणि त्याबद्दल नाराजी मी कुणाच्या तोंडून ऐकली नाही. पुढे बैल, नंतर ट्रॅक्टर झांक्या ओढीत. त्यांच्यापुढे आखाडे, लाठी-पट्ट्याचे हात. जेल रोड, जवाहर मार्ग, राजवाडा असा फेरा पहाटेपर्यंत चाले. खेड्यापाड्यांतून आलेले लोक फुटपाथवर घोंगड्या पसरून बसत.

मग मिल बंद पडल्या. कारणे अनेक आणि त्यांवर पुष्कळ लिहून झाले आहे. जुनी यंत्रे बदलायला पैसा घातला गेला नाही, यंत्रमागाचे स्वस्त कापड आले, टेरिकॉटने सुती कापडाला मागे सारले. तीन मिल आधीच १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात सरकारकडे गेल्या होत्या, त्याही या शतकाच्या सुरुवातीला संपल्या. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद झाली. ५,८९५ कामगार घरी बसले. त्यांच्या देण्यांचा लढा बत्तीस वर्षे चालला आणि २५ डिसेंबर २०२३ रोजी २२४ कोटी रुपये त्यांच्यासाठी दिले गेले. दर रविवारी मिलच्या फाटकाशी जमून आपल्या मागणीची उजळणी करणारे वृद्ध मी स्वतः पाहिले आहेत. पैसे आले तोवर त्यांच्यातले दोन हजारांहून अधिक जण वारले होते, असे कामगारांच्या पुढाऱ्यांनी सांगितले. बत्तीस वर्षे कुठलीही फाइल कशी जिवंत राहते हे सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला ठाऊक आहे. माणसे तितकी जगतीलच असे नसते.

काकांच्या मिलची गोष्ट वेगळी, पण वळण तेच. त्यांच्या निवृत्तीला काही वर्षे उरली असताना ती बंद पडली आणि ग्रॅच्युइटीचे प्रकरण त्यांच्या हयातीत मिटले नाही. २००९ साली ते गेले. शेवटपर्यंत ते झांकीच्या शेडमध्ये जात. मिल बंद, पगार बंद, पण झांकी चालू, असा हा विलक्षण प्रकार आमच्या शहरात तीस-पस्तीस वर्षे चालला आहे. वर्गणी गोळा करायची, विकास प्राधिकरण आणि महापालिका यांच्याकडे मदतीसाठी अर्ज करायचे, आणि जी मिल आता नाही तिच्या नावाची पाटी लावून रस्त्यावर उतरायचे. २०२० आणि २०२१ या कोरोनाच्या दोन वर्षांत मिरवणूक निघाली नाही तेव्हा म्हातारी माणसे कासावीस झाली होती. आजच्या झांक्यांभोवती डीजेचा असह्य गोंधळ असतो हे खरे, आणि पूर्वीची कारागिरी कमी झाली आहे हेही खरे. तरी इंदूरच्या औद्योगिक वारशाचे चित्र कुठे आहे असे मला कुणी विचारले, तर मी त्या रात्रीकडे बोट दाखवीन. दालनातल्या सुंदर छपराचा क्रम माझ्या लेखी त्याच्या नंतर येतो.

माझी नोकरी नगर नियोजनाच्या खात्यात झाली. आमच्या नकाशांत उद्योगाचा रंग जांभळा, निवासाचा पिवळा, व्यापाराचा निळा. शिकाऊ असताना मी स्वतः ब्रशने हे रंग भरले आहेत. शहराच्या पूर्वेकडचा तो मोठा जांभळा डाग मला पाठ होता. पुढे संगणक आला आणि रंग एका कळीने बदलू लागला. नियोजनाच्या दृष्टीने त्यात चूक काही नाही. शहराच्या मध्यात बंद कारखान्याची जमीन शतकभर तशीच पडू द्यावी असे मी म्हणणार नाही. हुकुमचंद मिलच्या जागेचेच पाहा. ती साडेबेचाळीस एकर, आणि तिच्याच मोबदल्यातून कामगारांची देणी भागली. गृहनिर्माण मंडळाने ती घेतली नसती तर ते पैसे आलेच नसते. आता तिथे तीस वर्षांत आपोआप वाढलेली झाडे आहेत, ती तोडली जाऊ नयेत म्हणून २०२५ मध्ये नागरिक पुढे सरसावले. झाडांची बाजू घ्यायला माणसे मिळाली याचा आनंद आहे. छपरांची बाजू घ्यायला छायाचित्रकार मिळाले. साचेखात्याच्या शब्दांची, टॅपेट वाकवणाऱ्या हाताची बाजू घ्यायला अद्याप कोणी यायचे आहे.

जर्मनीत बेर्न्ड आणि हिला बेखर नावाचे एक जोडपे होऊन गेले. १९५९ पासून त्यांनी कारखान्यांच्या पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरचे मनोरे यांची छायाचित्रे काढली. ढगाळ प्रकाश, समोरून नेम, माणूस एकही नाही. १९९० साली व्हेनिसच्या महाप्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले तेही शिल्पकलेचे. त्यांची चित्रे मी पुस्तकात पाहिली आहेत आणि त्यांच्या शिस्तीपुढे हात जोडावेसे वाटतात. पण त्यांनी ज्या देशात हे केले तिथे कामगारांच्या नोंदी, आराखडे, यंत्रांची माहितीपत्रके कुठे ना कुठे जपली जातात. माणूस चित्रात नसला तरी कागदात सापडतो. आपल्याकडे मिल बंद झाली की कागद रद्दीत आणि यंत्रे भंगारात जातात. मग चित्रातही माणूस नसेल तर तो कुठेच नसतो. म्हणून तीच शैली इकडे आणली की तिचा अर्थ बदलतो, असे माझे मत आहे. त्या तरुणाला हे मी सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुमच्याकडे जुने फोटो असतील तर मला दाखवाल का?"

त्याला घेऊन मी काकूंकडे गेलो. काकू पंच्याऐंशीच्या आहेत, डोळे अजून चांगले आहेत. त्यांनी कपाटातून पत्र्याचा डबा काढला. आत तीन छायाचित्रे, काकांची चौकटींच्या कागदांची एक वही, आणि ताग्यावर चिकटवायची रंगीत लक्ष्मीची दोन लेबले. तीन छायाचित्रांपैकी एक काका-काकूंच्या लग्नातले, एक झांकीपुढे घेतलेले, फारच पुसट. तिसरे १९६७ चे, मिलच्या आवारातले. कुणा साहेबांच्या निरोपसमारंभाचे ते असावे. मधोमध हार घातलेले साहेब, दोन्ही बाजूंना खुर्च्यांवर अधिकारी, मागे तीन रांगांत उभे साचेखाते, पुढे जमिनीवर मांडी घालून बसलेले बदली कामगार आणि पोरे. एकूण चौतीस माणसे. खुर्चीवरच्या सहा जणांची नावे खालच्या पुठ्ठ्यावर छापलेली आहेत. उभ्यांची आणि बसलेल्यांची नाहीत.

तरुणाने भिंग काढले. मग कॅमेरा बाजूला ठेवून त्याने वही काढली. काकू एकेका चेहऱ्यावर बोट ठेवू लागल्या. हे अमुक, झांकीचे दिवे हेच करायचे. हे तमुक, यांची बायको माझ्याकडे लोणच्याच्या कैऱ्या चिरायला यायची. हा उंच आहे ना, हा बहिरा झाला होता पुढे, पण साच्यात कुठे बिघाड आहे ते हात ठेवून सांगायचा. यांचं नाव आठवत नाही, पण घर पाटणीपुऱ्यात, लिंबाच्या झाडाजवळ. दुपारभरात काकूंनी अकरा नावे सांगितली. ती त्याने जशीच्या तशी लिहून घेतली, कैऱ्यांसकट.

छापील सहा, काकूंची अकरा, म्हणजे सतरा झाली. उरली सतरा. नंदानगरात त्याच खात्यातले दोघे जण अजून आहेत, असे काकूंना ठाऊक आहे. एक अंथरुणाला खिळलेले, दुसऱ्यांना सकाळी दहानंतर नीट बोलता येत नाही. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही दोघे त्या छायाचित्राची मोठी प्रत घेऊन तिकडे जाणार आहोत. वाचकांपैकी कुणाच्या घरी इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर किंवा बऱ्हाणपूरच्या मिलमधले असे समूहचित्र असेल, आणि त्यातली माणसे ओळखणारे कुणी घरात असेल, तर पुठ्ठ्याच्या मागे पेन्सिलने नावे लिहून ठेवावीत. शाई उमटते, पेन्सिल टिकते.